चोरीच्या वेलाची कैफियत

मनी प्लांट विकत आणला तर लागत नाही, कोणी हौसेने दिला तर लागला तरी लाभत नाही, आणि कोणाच्या तरी दारातून नजर चुकवून आणला म्हणजे मात्र स्वतःही फोफावतो व घरात पैसाही खेळवतो, हा सिद्धान्त आमच्या शहाडात इतका सर्वमान्य झालेला आहे की त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य एक तर अरसिक ठरतो, नाही तर ज्याचा वेल नुकताच चोरीस गेला आहे असा दुखावलेला फिर्यादी ठरतो. मी फिर्यादी आहेच. परंतु फिर्यादीचे नुकसान झाले आहे एवढ्यावरून त्याची फिर्याद खोटी ठरविण्याची रीत कोणत्याही कचेरीत नाही, म्हणून हा मामला एकदा नीट चालवावा असे मनात आहे.

हा सिद्धान्त मानणारे लोक चोर असते तर मला लिहिण्याचे काही प्रयोजनच नव्हते. भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करण्यासाठी जिना उतरून खाली जाणारे, कसारा लोकलमध्ये कोणाची राहिलेली छत्री स्टेशनात नेऊन जमा करणारे, गृहनिर्माण संस्थेचा देखभालखर्च मुदतीच्या आत भरणारे, आणि आषाढी एकादशीला येथील बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनाची रांग मोडणाऱ्याला चार लोकांत खडसावणारे असे हे निर्मळ गृहस्थ आणि अशा या निर्मळ गृहिणी आहेत. त्यांच्या साऱ्या आयुष्यात चोरीला मुभा अशी एकाच ठिकाणी आहे, आणि तेथे ती नुसती मुभा नसून जवळजवळ विधी आहे. फांदी जाते याचा मला फारसा राग येत नाही. तिच्या चोरीला जी गंधफुले वाहिली जातात त्यांचा येतो.

प्रतिपक्षाची कैफियत, तिच्यातला लाडिकपणा वगळून, मांडली तर ती अशी आहे. लक्ष्मी चंचल असते. मागून ती येत नाही आणि विकत मिळत नाही. ती एका घरून उठून दुसऱ्या घरी जाते, आणि हा वेल तिचे वाहन असल्यामुळे त्यालाही त्याच वाटेने आणले पाहिजे. ज्याच्या दारातली फांदी घेतली त्याच्या भरभराटीचा अंश त्या फांदीबरोबर आपल्याकडे येतो. यातूनच ओघाने दुसरे पोटकलम निघते, ते असे की आपल्या घरचा वेल मात्र चुकूनही कोणास देऊ नये, कारण मग आपली भरभराट त्याच वाटेने बाहेर पडेल. वेल आग्नेयेस असावा, ईशान्येस नसावा. तो वर चढता असावा, खाली लोंबता नसावा. पान पिवळे पडले की समजावे, खर्च दारात उभा आहे. आणि एवढे सगळे गंभीरपणे सांगून झाल्यावर ऐकणारा हसतो आहे असे दिसले, तर एक ठेवणीतला बचाव असतोच: ‘अहो, गेली एक फांदी, त्यात कोणाचे काय बिघडले?’

प्रथम या साऱ्याला जे ‘पूर्वापार’ हे विशेषण लावण्यात येते त्याची शहानिशा करू. प्रशांत महासागरात ताहितीच्या शेजारी मूरेआ नावाचे एक लहानसे बेट आहे. हा वेल मूळचा तेथला. युरोपातील वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी त्याची पहिली नोंद झाली ती १८८० साली, बेल्जममधील लिंडेन यांच्या प्रसिद्ध रोपवाटिकेच्या नियतकालिकातून. आणि पुढे ऐंशीएक वर्षे शास्त्रज्ञ त्याला एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवीत राहिले, तेव्हा कोठे १९६०च्या दशकात ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ या नावावर त्याचा मुक्काम पडला. दिशांचे हे शास्त्र ज्यांच्या नावावर सांगतात त्यांपैकी वराहमिहिर सहाव्या शतकातला. भोजराजाचा ‘समरांगणसूत्रधार’ अकराव्या शतकातला. ज्या वेलाचे अस्तित्वही या ग्रंथकारांच्या कानी जाणे शक्य नव्हते, त्या वेलाची दिशा त्यांनी कोणत्या सनदेने ठरवून दिली? आग्नेयेचा हा हुकूम कोणाच्या शिक्क्यानिशी निघाला आणि शहाडच्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे आग्नेयेस न्हाणीघर आहे की शेजाऱ्याची भिंत हे बांधणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते, तिथे तो बजावला कसा गेला?

आणि शास्त्रच हवे असेल, तर ते आहे की! वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब इत्यादी झाडे कांडे लावून वाढवावीत, त्या कांड्याला शेण माखावे, कोणते रोप कोणत्या ऋतूत लावावे, दोन झाडांमध्ये किती हातांचे अंतर राखावे, एवढा बारीक विचार त्या पंडिताने चौदाशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. त्यात ऋतू आहे, माती आहे, शेण आहे, पाणी आहे, चोरी नाही. पूर्वजांचे नाव घ्यायचे आणि पूर्वजांनी लिहिलेले मात्र उघडून पाहायचे नाही, ही आपली जुनीच खोड आहे, तेव्हा त्याबद्दल अधिक बोलत नाही.

त्यातून हा वेल कोणत्या कुळातला, हे पाहिले तर हसावे की रडावे कळत नाही. तो अळूच्या कुळातला आहे. अळू, सुरण आणि आयुर्वेदातली गजपिप्पळी ही त्याची भावंडे. अळू घशाला खवखवते त्याला कारण असलेले कॅल्शियम ऑक्झलेटाचे सुईसारखे स्फटिक याच्याही पानांत असतात, आणि म्हणूनच रांगत्या मुलाच्या तोंडात त्याचे पान जाऊ देऊ नये. आता ज्या घराण्यातल्या अळूचा गड्डा आपल्या आज्या-पणज्यांनी परसातून उपटून शेजारणीच्या ओंजळीत स्वतः घातला, जो मागून आणला, देऊन वाढवला, आणि तरीही न्हाणीच्या पाण्यावर दर श्रावणात मातला, त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मुलाला एकाएकी चौर्यकर्माखेरीज मूळ फुटेनासे कसे झाले?

येथे काही चतुर लोक होळीचा दाखला काढतात. होळीची लाकडे नाही का चोरत? आणि साक्षात श्रीकृष्ण? होळीची लाकडे चोरतात हे खरे. पण ती वर्षातून एका रात्री, गावाला आधीच ठाऊक असताना, बोंब ठोकून चोरतात, आणि ज्याच्या कुंपणाचा वासा गेला तोही त्याच होळीभोवती नारळ घेऊन उभा असतो. गोकुळातल्या लोण्याचे तर वाटे पडत, आणि सवंगड्यांचा वाटा आधी निघे. त्या चोरीतून कोणाचा खाजगी संसार भरभराटीला येत नव्हता. मनी प्लांटच्या चोरीचा हेतू काय, तर शेजाऱ्याच्या घरची बरकत आपल्या घरात ओढून घ्यावी. हा हेतू स्पष्ट शब्दांत उच्चारला तर उच्चारणाऱ्यालाच लाज वाटेल; म्हणून तो हिरव्या पानाआड ठेवलेला आहे.

पण नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. मला अधिक चीड येते ती या चोरीतल्या अडाणीपणाची. गेल्या पावसाळ्यात आमच्या जिन्याच्या वळणावर ठेवलेल्या वेलावर असाच कोणाचा तरी हात पडला. सकाळी पाहतो तो तीन टपोरी पाने गेलेली. ती कापली नव्हती, ओढली होती. एका जागी देठाबरोबर खोडाची साल बोटभर सोलून आली होती आणि तिचा एक हिरवट दोरा खाली लोंबत होता. वाकून बघितले तेव्हा मला हसू आले. ज्या जागी पान खोडाला मिळते ती गाठ, म्हणजे पेर, जशीच्या तशी माझ्याच कुंडीत होती. पेराच्या एका अंगाला तपकिरी रंगाचा तो बारीक कोंब, ज्यातून मूळ निघते, तोही शाबूत होता. आणि देठाच्या बगलेत दडलेला डोळा, ज्यातून नवा वेल फुटतो, तोही तेथेच होता. म्हणजे चोराने तिजोरीचे झाकण नेले होते आणि आतला सारा ऐवज माझ्याकडे ठेवला होता. नुसते पान देठासकट पाण्यात ठेवले तर ते कित्येक आठवडे हिरवे राहते, क्वचित त्याला चार मुळ्याही येतात. पण डोळाच नसल्यामुळे त्यातून वेल असा कधी निघत नाही. पुढे ते पिवळे पडते, आणि मग घरात चर्चा होते की आपल्या नशिबात नव्हते, किंवा त्या घरातच बरकत नसेल, किंवा आणताना कोणी तरी पाहिले असेल.

चोरी आणि छाट कलम ही दोन कामे एकमेकांच्या मुळावर उठणारी आहेत, एवढी साधी गोष्ट या लोकांच्या ध्यानात येत नाही. छाट कलमाला उजेड लागतो, धारदार पाते लागते, वेल हातात घेऊन कोणते पेर जून, कोणते कोवळे, कोणत्याचा कोंब वर आला आहे हे निवांत पाहावे लागते. आणि चोराजवळ नसते ते नेमके हेच. तो अंधारात येतो, घाईत असतो, त्याच्या खिशात कात्री नसते, आणि पेर न्याहाळत बसला तर जिन्यावर पावले वाजतात. अशा रीतीने ओरबाडलेल्या खोडाचे तोंड चिरडलेले असते, आणि चिरडलेले तोंड पाण्यात सडते. वेल लावण्याची याहून वाईट पद्धत मुद्दाम शोधून काढायची म्हटले तरी सापडायची नाही.

आणि हे कोठे चालले आहे? ज्या महाराष्ट्रात शेतकरी उसाच्या प्रत्येक टिपरीवर डोळा आहे की नाही हे पाहिल्याविना बेणे सरीत दाबत नाही, त्या महाराष्ट्रात. पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेल्या जातींचे बेणे तो पैसे मोजून आणतो, डोळा खराब असला तर टिपरी फेकून देतो, आणि दुसऱ्याच्या फडातून रात्री तोडून आणलेल्या बेण्याला साखर जास्त उतरते असे त्याला कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. साऱ्या कोकणपट्टीतला हापूस कलमावर उभा आहे. भेट कलम, कोय कलम हे शब्द तिथल्या पोरासोरांना येतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि गावोगावच्या रोपवाटिकांत माणसे जन्मभर हेच करीत आली. चोरलेल्या कलमाला आंबा गोड लागतो, असे त्यांतला एकही म्हणाल्याचे ऐकिवात नाही. मग ही विद्या रेल्वेने घाट उतरून कल्याणच्या पुढे आली की तिचे असे भजे कसे होते? रेयॉनच्या कारखान्याभोवती वाढलेल्या या वस्तीतली निम्मी घरे नाशिक-नगरच्या, साताऱ्या-सांगलीच्या आणि कोकणातल्या शेतकऱ्यांच्या मुलांची आहेत. बाप डोळा पाहून ऊस लावीत होता आणि मुलगा डोळे मिटून मनी प्लांट लावतो आहे.

वास्तविक या कामात अवघड असे काही नाही. पेराच्या खाली अर्ध्या बोटावर स्वच्छ पात्याने तिरका काप घ्यावा; फांदीवर एक-दोन पानेच ठेवावीत; जे पान पाण्यात बुडेल ते काढून टाकावे, कारण ते कुजून पाणी नासवते; पेर पाण्याखाली राहील अशा बेताने फांदी बाटलीत उभी करावी आणि बाटली उन्हात न ठेवता उजेडात ठेवावी. आपल्याकडच्या ज्येष्ठ-आषाढातल्या दमट उबेत दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसतात. पौषात जरा रेंगाळतात. बोटभर लांब झाली की माती, शेणखत आणि नारळाच्या शेंडीचा भुगा एकत्र करून, बुडाला भोक असलेल्या कुंडीत लावावे, आणि पाण्यात वाढलेली मुळे मातीत रुळेपर्यंत आठवडाभर माती ओलसर राखावी. ज्याला एवढाही खटाटोप नको त्याने वेल कापूच नये: वाढत्या वेलाचे एक पेर शेजारच्या कुंडीतल्या मातीवर टेकवून केसांच्या आकड्याने दाबून ठेवावे, मूळ धरल्यावर मागची नाळ तोडावी, याला दाब कलम म्हणतात. रोपवाटिकेत मिळणारी मूळ फुटण्याची भुकटी या वेलाला लागत नाही. चोरी तर त्याहून लागत नाही.

‘पण आमचा लागला ना!’ हे या पक्षाचे ब्रह्मास्त्र. चोरून आणला आणि तरारला, आता काय म्हणणे आहे? म्हणणे एवढेच की तो मागून आणला असतात तरी तरारला असता. हा वेल इतका चिवट आहे की श्रीलंकेत आणि हवाईत तो बागेतून निसटून रानात घुसला आहे आणि तिथल्या लोकांना त्याला आवरावे कसे हा प्रश्न पडला आहे. ज्याला थांबवणे कठीण, तो लागला यात चोरीचा पराक्रम कोणता? शिवाय दहा जणांनी दहा फांद्या पळवल्या, त्यांतल्या सहा सडल्या आणि चार लागल्या, तर साक्षीला येतात ते चारच. सहा जण आपल्या सडलेल्या बाटल्या मुकाट्याने मोरीत ओततात, कारण चोरी करूनही हाती काही आले नाही हे कोणी मिरवीत नाही. रोपवाटिकेतले रोप घरी आल्यावर काही दिवस मलूल होते हे मला मान्य आहे, आणि त्याचे कारणही उघड आहे: ते हिरव्या जाळीखाली, मोजक्या खतपाण्यावर वाढलेले असते, आणि मुरबाड रस्त्याच्या कडेहून ते एकदम आपल्या बंद खिडकीत येते. शेजाऱ्याची फांदी मात्र याच इमारतीतल्या हवेला आणि याच नळाच्या पाण्याला सरावलेली असते. याचा अर्थ ‘शेजाऱ्याकडून आणावी’ असा होतो. ‘शेजाऱ्याला न विचारता आणावी’ हे पुढचे शेपूट त्याला कोणत्या तर्कशास्त्राने जोडले?

याच पंथातला एक सौम्य उपपंथ आहे, त्याचा उल्लेख केल्याविना राहवत नाही. ही मंडळी चोरी करतात, पण मालकाच्या परवानगीने. एखाद्या वहिनी दारात येऊन हसत म्हणतात, ‘काका, तुमचा मनी प्लांट काय सुंदर झालाय हो! तुम्ही जरा आत जाता का? म्हणजे मी तोडते. मागून घेतलेला लागत नाही ना!’ आणि काका, म्हणजे मी, आपल्याच घरात पाठ फिरवून भिंतीवरचे कॅलेंडर वाचीत उभा राहतो, बाहेर कट्‌कन आवाज होतो, आणि चोर ‘येते हं काका’ असे सांगून जातो. आता १८६० सालच्या दंड संहितेत चोरीची जी व्याख्या केलेली होती आणि जी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमात राहायला गेली आहे, तिचा प्राणच मुळी ‘संमतीवाचून’ या शब्दात आहे. आणि गंमत अशी की त्या व्याख्येखाली दिलेले पहिलेच उदाहरण दुसऱ्याच्या जमिनीवरील झाड अप्रामाणिकपणे तोडण्याचे आहे. झाड जमिनीपासून सुटे होताच चोरी पूर्ण होते, इतका काटेकोर विचार त्यात आहे. संमती असली की चोरी संपली. म्हणजे सरकारच्या लेखी जी चोरी नाही ती लक्ष्मीच्या लेखी चोरी धरली जाईल, आणि काकांनी कॅलेंडराकडे तोंड केल्यामुळे लक्ष्मी फसेल, अशी या वहिनींची समजूत असते. ज्या देवतेची आराधना करायची तिला इतकी भोळी समजणे, याला भक्ती म्हणावे काय? जे खरोखर पाठीमागून नेतात त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर नव्या संहितेने समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. आमच्या आवारातल्या कुंड्यांना पाणी घालायला माणूस हवाच आहे.

इथवरचे सगळे हसण्यावारी नेता येईल. जे नेता येत नाही ते दुसरे पोटकलम: आपला वेल कोणास देऊ नये. या वेलाची एक विलक्षण गोष्ट आहे. तो फुलतच नाही. आपोआप फुललेल्या वेलाची शेवटची ज्ञात नोंद १९६४ सालची आहे. आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की फुलोऱ्याला लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य तयार करण्याची या वेलाची क्षमताच खुंटलेली आहे. ते बाहेरून फवारले तेव्हा कोठे त्याला फुले आली. फूल नाही म्हणून फळ नाही, फळ नाही म्हणून बी नाही. तेव्हा आज शहाडच्या खिडकीत, उल्हासनगरच्या दुकानात, डोंबिवलीच्या दवाखान्यात आणि जगातल्या कोणत्याही शहराच्या कचेरीत जो मनी प्लांट आहे, तो कोणी तरी पेर कापून कोणाला तरी दिल्यामुळे आहे. घराघरातून गेलेली ही साखळी मागे मागे नेली तर ती एखाद्या माळ्याच्या हातातल्या फांदीपाशी जाऊन थांबते. वारा त्याचे बी नेत नाही आणि पक्षी त्याचे फळ खात नाहीत. घरोघरच्या या पसाऱ्याला माणसाचा देता हात हेच एक साधन उरले आहे. आणि आम्ही काय शोधून काढले? देणाऱ्याने देऊ नये आणि घेणाऱ्याने मागू नये! हा नियम मूरेआहून वेल नेणाऱ्याने आणि लिंडेनच्या माळ्यांनी पाळला असता तर तुमच्या घरी आग्नेयेला ठेवायला काय उरले असते? ज्या गृहिणी दारावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवीत नाहीत, ज्या संक्रांतीला वाण लुटतात, त्याच गृहिणी कुंडीपाशी येताच हात आखडता घेतात आणि ‘नको हो, देऊ नये म्हणतात’ असे पुटपुटतात, हे मी पाहिले आहे. मला हे चोरीहून ओंगळ वाटते.

उरलेल्या कलमांना फार वेळ द्यायचे कारण नाही. वेल वर चढवावा हे बरोबर आहे, पण त्याने पैसा वाढत नाही, पान वाढते. आधार धरून चढणाऱ्या या वेलाची पाने मोठी होत जातात, जुन्या बंगल्यांच्या आंब्यावर चढलेल्या वेलाची पाने सुपाएवढी होऊन चिरलेलीही दिसतात, आणि लोंबत्या वेलाची लहान राहतात. पान पिवळे पडते ते बहुधा कुंडीत पाणी साठून मुळे कुजू लागल्यामुळे; खर्चाची वर्दी देण्याचे काम त्याच्याकडे कोणी सोपविलेले नाही. पानावरचे सोनेरी पट्टे फिके होतात ते उजेड कमी पडल्यामुळे. हे सारे कुंडीत बोट घालून आणि खिडकी उघडून पाहता येते, पण त्यासाठी पंचांगावरचे बोट काढावे लागते.

चोरीच्या या समजुतीला हसणारा एक सुशिक्षित वर्गही आहे, आणि त्याला वाटते की आपण या वादात निर्णायक जागी बसलो आहोत. त्याचा समज असा की हा वेल घरातली हवा शुद्ध करतो, कारण ‘नासा’ने तसे सांगितले आहे. १९८९ सालचे ते प्रयोग लहानशा हवाबंद पेटीत केलेले होते. आपली घरे हवाबंद पेट्या नाहीत. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा असे दिसले की उघड्या दाराखिडक्यांतून हवा जेवढी बदलते त्याची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जमिनीमागे दहापासून हजारपर्यंत कुंड्या ठेवाव्या लागतील. वालधुनीच्या काठावर राहून, दाराशी एक बाटली लटकावून, हवेचा बंदोबस्त झाला असे मानणारा सुशिक्षित आणि त्याच बाटलीकडून पगारवाढ मागणारा अशिक्षित, यांत मला फरक दिसतो तो एवढाच की दुसरा निदान इंग्रजीत बोलत नाही. दोघांनाही वेलाकडून काही तरी उकळायचे आहे. आणि त्या बाटलीतले पाणी दोघेही बदलत नाहीत. पावसाळ्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघर येऊन मनी प्लांटच्या बाटल्या उघडून पाहतात, ते काही लक्ष्मी शोधायला नव्हे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे पूर्ण डास होऊन उडतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा असे ते कंठशोष करून सांगतात. चोरून आणलेल्या वेलाबरोबर घरात काही खात्रीने येत असेल तर ते हेच.

राहता राहिला तो ठेवणीतला बचाव: कोणाचे काय बिघडते? फांदीच्या मालकाचे फारसे बिघडत नाही. वेल पुन्हा फुटतो. बिघडते त्या सात-आठ वर्षांच्या मुलाचे, ज्याला त्याची आई, हात लहान आणि पाऊल हलके म्हणून, ‘जा रे, हळूच एक तोडून आण, कोणी बघत नाही ना ते पाहा’ असे सांगून जिन्यात पाठवते, आणि तो घेऊन आला की त्याच्या पाठीवरून हात फिरवते. त्याच मुलाच्या दप्तरात उद्या दुसऱ्याची पेन्सिल सापडली तर ती त्याला काय सांगणार आहे? पेन्सिलीला मूळ फुटत नाही, असे?

माझे म्हणणे यांपैकी कोणासही पटणार नाही याची मला खात्री आहे, म्हणून मी पंचांसमक्ष कसोटीलाच तयार आहे. एकाच वेलाची, एकाच जाडीची, सारख्या पेरांची दोन कांडी घ्यावीत. एक मी नीट कापून, हातात ठेवून, दिवसाढवळ्या देईन. दुसरे माझ्या पाठीमागे हवे तसे ओरबाडावे, हवे तर अमावास्येच्या रात्री येऊन ओरबाडावे. दोन सारख्या बाटल्या, एक नळ, एक खिडकी. आषाढाच्या पहिल्या दिवशी ठेवावीत आणि नारळी पौर्णिमेला मुळे मोजावीत. चोरीचे कांडे पुढे गेले तर मी माझ्या सर्व कुंड्यांवरचा हक्क सोडून देईन आणि तसे दस्तऐवजावर लिहून देईन. मात्र मी दिलेले कांडे पुढे गेले, तर प्रतिपक्षाने एवढेच करायचे, की त्या वेलाची पहिली वाढलेली फांदी पेर पाहून कापायची आणि शेजारच्या दाराची घंटा वाजवून ती त्यांना द्यायची. आजवर ही पैज लावायला एकही जण पुढे आलेला नाही. फांद्या मात्र जातच आहेत.